जपानी गेममधून आलेली हाक

माझं माहेरचं नाव मंदा, गाव गुहागरच्या बाजूला, समुद्र आमच्या परसापासून हाकेच्या अंतरावर, आणि लग्न झालं तसं ह्यांच्या घरच्यांनी नाव बदललं, बदलायची पद्धतच आहे आमच्यात. ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीने त्यात लिहिलं, सुलोचना. स्वतः लिहिलं, स्वतःच्या हाताने. आणि काय सांगू तुम्हाला, त्यानंतर त्या माणसाने ते नाव कधी तोंडातून काढलं असेल तर शपथ. अगो ऐकलंस काय, अगो चहा टाक, अगो कुठे मेलीस, सगळं अगो. मी पण अहोच. तेव्हा त्याचं काय वाटायचं नाय, सगळ्यांचं तेच. सासू कधी सुलोचना बोलली तर मीच इकडेतिकडे बघायची, ही कोण बाबा.

ह्यांचं काम काशीमीऱ्याला, हायवेला गॅरेज आहे ना ट्रकचं, तिथे. मालक नाय हां, कामाला. पण मालकापेक्षा आवाज मोठा. ट्रकचं इंजिन चालू, हायवेवरून गाड्या धडधडतायत, आणि हे गाडीच्या पोटाखालून ओरडणार, तेरा नंबर पाना दे, की पलीकडच्या हॉटेलातला पोऱ्या पाना घेऊन येईल. घरी पण तसंच. आम्ही तेव्हा शांती नगरमध्ये राहायला आलेलो, वन रूम किचन, आणि हे बाथरूममधून टॉवेल मागायचे तर समोरच्या मीनाबेन दारात येऊन बोलायच्या, भाभी, टुवाल आपो ने. मला लाज वाटायची हो. मी बोलायची, अहो, हळू बोला, हे गॅरेज नाय. तर हे अजून मोठ्याने, मग काय चोरीचा टॉवेल मागतोय.

आणि आरती. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. आरती हेच घेणार, सगळ्यात आधी सूर ह्यांचा, बाकीच्यांनी मागून यायचं. त्या दोन दिवसांत मला त्या आवाजाचा अभिमान वाटायचा. इतर दिवशी डोकं उठायचं.

मग तो आवाज बसला. सुरुवातीला वाटलं थंड प्यायले असतील. गुळण्या झाल्या, काढे झाले, हळद झाली, आवाज बसलेला तो बसलेलाच. डॉक्टरने नळी घालून बघितलं तर गळ्यात गाठ. ऑपरेशन केलं, आतली आवाजाची एक पट्टी काढली, वर शेक दिले. जीव वाचला, देवाची कृपा, पण आवाज जो गेला तो गेलाच. उरली ती नुसती हवा. तोंडाजवळ कान नेला तर कळायचं काय बोलतायत ते. मी किचनमध्ये, कुकर चालू, वर पंखा, मला कुठून कळणार? मग टाळी वाजवायचे. भांडं आपटायचे. मी बोलायची, अहो, मी काय म्हैस आहे का, टाळी वाजवून बोलावायला? बोलायची आणि मग आत जाऊन रडायची.

डॉक्टर बोलले, कमरेला लावायचा छोटा माइक मिळतो, तो घ्या. हे कुजबुजले, मी काय भंगारवाला आहे, गल्लीत ओरडत फिरायला? विषय संपला. गॅरेजला जायचे पण गप्पच असायचे, हाताने खुणा करायचे. ज्या माणसाचा आवाज हायवेच्या पलीकडे जायचा तो खुणा करतोय.

माझा भाऊ दया बोटीवर असतो. तो सुट्टीला आला आणि आमच्या पोरीसाठी, रेश्मासाठी, गेम घेऊन आला, टीव्हीला लावतात तो. जपानच्या बंदरात जुन्या सामानाच्या दुकानात घेतलेला. लाल-पांढरा डबा, पांढरा होता तो आता पिवळट पडलेला, दोन रिमोट, दोघांची वायर डब्यालाच जोडलेली, निघायची नाय. सोबत बंदूक होती खेळण्यातली, टीव्हीवरच्या बदकांवर नेम धरायची. आणि एक काळा जड ठोकळा. दयाने ह्यांना समोर बसवून सांगितलं, दाजी, तिकडची लाइट आपल्या निम्म्याहून कमी, डायरेक बोर्डात घातलात तर जळेल, आधी ठोकळा बोर्डात आणि ह्याचा प्लग ठोकळ्यात. ह्यांनी मान हलवली. गाड्यांची वायरिंग करण्यात आयुष्य गेलेलं, ह्यांना आता बायकोचा भाऊ शिकवणार.

आमच्या टीव्हीवर तो चालेचना. चित्र वर पळतंय, आवाज नाय. मग खाली सलीमभाईंकडे नेला. सलीमभाईंचं दुकान आमच्याच सेक्टरमध्ये, रेडिओ, टीव्ही, मिक्सर, सगळं करतात. त्यांनी डबा बघितला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. बोलले, भाभी, यह तो असली है. आपल्याकडे बाजारात जे टीव्ही गेम मिळतात ना, ते सगळे ह्याच्या नकला, असं त्यांनी सांगितलं, नकलेची पण नकल, पण खाचा जशाच्या तशा ठेवल्या म्हणून इकडची कॅसेट ह्यात बसते. मग उघडला, आत काय सोल्डरिंगचे डाग मारले आणि दोन वायरी बाहेर काढून दिल्या, पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची. चालू झाला.

रेश्मा खेळत होती. एक नंबरचा रिमोट तिच्याकडे, दोन नंबरचा पप्पांकडे. त्या दोन नंबरवर बारीक भोकं आहेत आणि बाजूला सरकवायचं एक बटन. हिने ते सरकवलं आणि उगाच फुंकर मारली, तर टीव्हीतून वादळ. फूऽऽ. माझ्या हातातली परात पडली. त्यात माइक होता हो! पोरांनी खेळता खेळता त्यात ओरडायचं, असला तिकडचा खेळ. रेश्मा बोलली, पप्पा, तुम्ही बोला. हे नको नको करतायत. पप्पा, बोला ना, गेमच आहे.

मी किचनमध्ये परत आलेली, पीठ मळत होते. आणि टीव्हीतून आवाज आला, जाडसर, खरखरता, मागे गेमचं टुणटुण चाललंय. सुलोचना.

मला कळलंच नाय कोणाला बोलतायत. मग परत, सुलोचना, पाणी आण. अहो, तांदळात लिहिलेलं ते नाव, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं, आणि ते पण टीव्हीतून. मी पिठाच्या हाताने बाहेर आले. हे टीव्हीच्या खाली मांडी घालून बसलेले, त्या रिमोटची वायर वीतभर, जवळ बसल्याशिवाय पोचतच नाय. मी विचारलं, आज नावाने हाक? तर खाली बघून रिमोटमध्ये बोलले, अगोला माइकात मजा येत नाय.

मग काय, रोज संध्याकाळी तेच. गॅरेजमधून आले की पाट घेऊन टीव्हीखाली. तिथून रेश्माला अभ्यासाला बसवणार, मला भाजी विचारणार, क्रिकेटवाल्यांना शिव्या देणार. मीनाबेन पहिल्या दिवशी धावत आल्या, भाभी, टीव्ही में भैया आ गये क्या? हसायला यायचं. माइक लावा बोललं तर भंगारवाला, आणि हा चालतो, कारण हा गेम, आजाऱ्याचं सामान नाय. बोलतायत ना, बोलू दे.

गणपती आले. ह्यांनी ठरवलं, आरती मीच घेणार. पोरीबरोबर बसून चार दिवस घोकलं. वायर छोटी म्हणून टीव्हीच मखराशेजारी आणला. सगळे जमले, माझे दीर, जावा, बिल्डिंगमधले, दारापर्यंत माणसं. ताटात निरांजन लावलं, घंटा हातात, आणि बघतात तर मखराच्या बोर्डात जागा नाय, सगळीकडे लायटिंगच्या माळा. ह्यांनी एक माळ उपटली आणि गेमचा प्लग तिथे घातला. डायरेक. दयाचा ठोकळा मागे कपाटाजवळ राहिला. रेश्मा बोलली, पप्पा, मामाचा ठोकळा? ह्यांनी हात झटकला, सरक.

चर्र झालं, वास सुटला, डब्यातून धूर. लोक बोलले, होतं असं, होतं असं. आणि आमच्या दिरांनी आरती सुरू केली, मुहूर्त थांबतो का कोणासाठी. टाळ्या, झांजा, सगळं घर घुमलं. आणि हे उभे, मेलेला रिमोट तोंडाशी धरून. ओठ हलतायत. पूर्ण आरती म्हटली त्यांनी त्या रिमोटमध्ये. मी शेजारी होते म्हणून मला दिसलं. मला त्या दिवशी त्यांचा राग आला, दिरांचा आला, खोटं कशाला बोलू, देवाचा पण आला.

त्यानंतर ते कुजबुजायचे ते पण बंद झाले. टाळी नाय, भांडं नाय. पाणी स्वतः उठून घ्यायचे. मी भांडण काढून बघितलं, मुद्दाम आमटीत मीठ जास्त टाकून बघितलं. जेवून उठले. घरात माणूस असून घर रिकामं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

मग मीच डबा पिशवीत घातला आणि सलीमभाईंकडे गेले. ते बोलले, भाभी, बोर्ड गया, लेकिन माइक ज़िंदा है. त्यांनी इकडच्या नकली गेममध्ये माइक शोधला. एकाच्या रिमोटवर भोकं होती, खोललं तर आत काय नाय, नुसती दिसायला भोकं. मग त्यांनीच असलीचा रिमोट त्या नकली डब्याला जोडून दिला, ठोकळ्याची पण गरज उरली नाय. मी घरी आणून लावला. ह्यांनी बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तसाच पडून राहिला, मी रोज धूळ पुसायची.

आता गेल्या महिन्यात गळा परत दुखायला लागला. डॉक्टर बोलले, गाठ परत आली, ह्या वेळी आवाजाची पेटीच काढावी लागेल, श्वासाला गळ्यात भोक. मी विचारलं, मग कुजबुज? बोलले, ती पण नाय. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे.

ज्या दिवशी डॉक्टर हे बोलले, त्या दिवशी घरी आल्यावर ह्यांनी स्वतः पाट घेतला, टीव्हीखाली बसले, डबा चालू केला. मी आत चहा टाकत होते. आवाज आता अजून फाटलाय, नकली डब्याची घरघर पण असते मागे. पण नाव कळतं.

तेव्हापासून दिवसभर हाका चालल्यात, गॅरेजला रजा टाकलीय. पाणी नको असतं, चहा नको असतो, काय नको असतं. मी पण शहाणी, पहिल्या हाकेला ओ देतच नाय. ओ दिली की संपलं ना. देव करो आणि ते उठून परत गॅरेजला जावोत, मग हाताने खुणा करेनात का, मी सगळ्या खुणा शिकेन. पण आता मला ऐकून घ्यायचंय.

ऐकलंत? आली बघा हाक. नाय हो, तुम्ही उठू नका, आणि त्यांना सांगू नका मी इथेच आहे ते. गप्प बसा जरा. अजून एकदा मारतील.