दिवेलागणीचा कंप्युटर

...अन् वरून तो सार्थक म्हणतो कसा, "दाजी, आता तुम्हाला काय डोक्यात ठेवायची गरजच नाय." तुम्हाला सांगतो, इथंच घात झाला. आमच्या राजेंद्रचं डोकं मुळात चांगलं होतं हो. उस्मानपुऱ्यात पाण्याच्या फिल्टरचं दुकान, कुणाचा गळतोय, कुणाची मोटर आवाज करतीय, सगळं तोंडपाठ... पण ह्या सार्थकनं, मेव्हण्यानं, कामाच्या यादीचं ॲप घालून दिलं. एक दुकानातल्या कंप्युटरवर, एक लासूर स्टेशनच्या घरी, कारण शनिवार-रविवार हा तिकडं वडिलांकडं असतो. अन् यादीची फाईल ठेवली क्लाउडमध्ये, म्हणजे वर कुठंतरी, ढगात. इथं लिहा, तिथं दिसतं. तिथं खूण करा, इथं काम झालेलं दिसतं, मोबाईलवर पण दिसतं. नियम एकच, इथलं बंद केल्याशिवाय तिथलं उघडायचं नाय, कारण ज्या कंप्युटरवर शेवटी उघडलं त्याचीच यादी खरी धरली जाती. राजेंद्र नियमाचा पक्का, शनिवारी आधी ॲप बंद, मग शटर. तरी मेळ काय बसंना.

दिवसभर यादी बरोबर, अन् संध्याकाळी बघावं तर झालेली कामं परत राहिलेली, नवीन लिहिलेली गायब. त्या चतुराबाईंच्या घरी फिल्टर बसवून आला, खूण केली, अन् दुसऱ्या दिवशी यादीत परत चतुराबाई. गेला बिचारा पाने-पेचकस घेऊन. बाई दारातच, "अरे, कालच बसवला की, आज काय काढून न्यायला आलास व्हय?" आता तुम्ही म्हणाल, एवढं कळंना का माणसाला? नाय कळत. एकदा यादीवर भरवसा टाकला की माणूस स्वतःच्या डोक्याला विचारतच नाय.

त्याच यादीत एक काम होतं, 'नानांना फोन करणे'. नाना म्हणजे त्याचे वडील, नानासाहेब, याची माय गेल्यापासून लासूरला एकटेच. सकाळी फोन करायचा, खूण करायचा, अन् संध्याकाळी मोबाईल वाजायचा, परत तेच काम. राहिलं वाटतं, म्हणून परत लावायचा. पहिले आठवड्यातून एखादा फोन, तो पण "जेवले का, बरं ठेवतो" एवढाच. आता रोज दोनदा. बोलायला काय नसायचं, तर नाना शेजाऱ्याच्या म्हशीचं सांगायचे अन् हा ऐकायचा. पण यादीचा मेळ काय बसंना.

हसण्यावारी गेलं असतं हो, पण खुलताबादच्या कमरोद्दीनभाईंच्या लेकीचं लग्न होतं. पाहुण्यांसाठी मोठा फिल्टर बसवायचा, शब्द दिलेला, यादीत लिहिलेलं... अन् संध्याकाळी उडालं. लग्नाच्या सकाळी भाईंचा फोन, "राजूभाई, बराती आ रहे, पानी का क्या करूँ मैं, बोलो?" धावत गेला, बसवून दिला. पण भाई चिडलेच नाय, अन् ते जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "तुम्हारे अब्बा की जबान पे भरोसा करके तुमको बोला था मैं." राजेंद्रला मान वर करवंना.

तिथूनच सार्थकला फोन लावला. सार्थक म्हणतो, "दाजी, तिकडचा कंप्युटर रोज कुणीतरी चालू करतंय." कोण करणार? शनिवार-रविवारी तो हा स्वतःच लावतो, अन् नाना तर टीव्हीचा रिमोट उलटा धरतात. राजेंद्र म्हणला, आज तो कंप्युटरच उचलून आणतो, अन् खुलताबादहून तसाच लासूरला.

पोचला तर दिवेलागण झालेली. दारातून बघतो, नानांनी हातपाय धुतले, देवाजवळ दिवा लावला, ओसरीचा बल्ब लावला, अन् गेले कंप्युटरकडं. दसऱ्याचं हळद-कुंकू अजून त्याच्यावर. बटण दाबलं, हात जोडले. ॲप आपोआप उघडलं, तिथली शिळी यादी ताजी म्हणून वर चढली, अन् राजेंद्रच्या खिशात मोबाईल वाजला... 'नानांना फोन करणे'.

"नाना, रोज लावता व्हय हे?"

नाना दचकले, मग हसले. "मग? दिवेलागणीला घर अंधारात ठेवू नये, तुझी माय ठेवत होती का? आधी दिवा अन् बल्बच लावायचो. एक दिवस म्हणलं, ह्याला तरी कशाला अंधारात ठेवायचं, लावला, तर लगेच तुझा फोन. दुसऱ्या दिवशी लावला, परत फोन. मग सोडतो व्हय मी? का रे, काय बिघडतं का त्यानं?"

ढगातली फाईल, चतुराबाई, कमरोद्दीनभाई, सगळं सांगून टाकणार होता. पण म्हणाला, "नाय नाना. काय नाय बिघडत."

रविवारी नानांना गाडीवर बसवून भाईंकडं जाऊन आला. दोघं म्हातारे बोलत बसले, याला चहा मिळाला, पण भाईंनी अजून नवीन काम काय सांगितलं नाय. बसंल मेळ हळूहळू. सार्थक म्हणतो, "दाजी, लासूरचं ॲप चुटकीसरशी काढून टाकतो." राजेंद्र म्हणला, हात लावायचा नाय. गिऱ्हाइकांची कामं आता दुकानात पाटीवर, खडूनं. अन् त्या ढगात एकच काम ठेवलंय. रोज करतो, रोज खूण करतो, रोज संध्याकाळी परत उगवतं.

आत्ता इथून राजेंद्र चहा अर्धा टाकून उठला ना, तो माझ्या बडबडीला कंटाळून नाय गेला. लासूरला कंप्युटर लागला. आता अर्धा तास म्हैस ऐकंल... झाका त्याचा चहा.