किसननानांनी सांभाळून उतरवलेलं स्टेशन

मंडळी, आणि नानांच्या लेकी शालनताई,

तुम्ही हातातली कामं टाकून किसननानांच्या शोकसभेला मार्गासनीला आलात. भाटघरची मंडळी दोन एसट्या बदलून आली. मला बोलायला सांगितलंय. खरं सांगतो, बोलायची ताकद नाही. पण जे सांगायचंय ते माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही.

मी भोरचा. रेल्वेच्या बांधकामांचे नकाशे काढायचो. पहिल्याच नोकरीत एका लहान स्टेशनच्या नव्या इमारतीवर मला पाठवलं. तिथं किसननाना गवंडी होते. साधीच इमारत. सिमेंटच्या जाळीची भिंत, गुळगुळीत मोझॅकची फरशी, आणि फलाटावर पुढं आलेला काँक्रीटचा छज्जा. त्याला खाली एकही खांब नाही. मी विचारलं, "हा पडत कसा नाही?" नाना म्हणाले, "मागच्या भित्तीचं वजन त्याला धरून हाय. तुमच्याच नकाशात हाय की."

तेव्हापासूनची ओळख.

मागच्या वर्षी कळलं, स्टेशन पाडून नवं होणार. त्या काळातली तशी स्टेशनं एकेक करून गेलीच होती. कुठं काचा लागल्या, कुठं पत्रे. हे एक राहिलं होतं. आम्ही दोघांनी अर्ज केले. रेल्वेच्या साहेबांना भेटलो. साहेबांनी चहा दिला, ऐकून घेतलं. म्हणाले, "काका, तुमची भावना समजते. पण मंजुरी झाली आहे." पुन्हा अर्ज. पुन्हा चहा. मी थकलो, मंडळी. नानांना म्हणालो, आता पुरे.

नाना म्हणाले, "पडनारच हाय तर पडू द्या, साहेब. पर मागची भित्त आदी काढली तर छज्जा फुडं येनार. खाली मान्सं आसत्याल. त्यास्नी कोन सांगनार?"

"ठेकेदाराकडे इंजिनियर असतो, नाना."

"आसंल. त्यानं ह्यो बांदताना बगितला व्हता का?"

पाडकाम सुरू झालं तेव्हा मी त्यांच्यासोबत गेलो नाही. गुडघे दुखतात म्हणालो. दुखत होतेच. पण मला ते बघायचं नव्हतं, हे खरं कारण.

नाना एकटे गेले. पहाटेची एसटी धरून. पहिल्या दिवशी राखणदारानं फाटकावरूनच परतवून लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि फलाटाच्या बाजूनं आत शिरले. तिथल्या सुपरवायझर बाईंनी मला नंतर फोनवर सांगितलं. म्हणाल्या, "मजूर मागच्या भिंतीला हात घालणार, इतक्यात बाबा छज्ज्याखाली जाऊन उभे राहिले. म्हणाले, आधी टेकू लावा, मग मी हलतो." बाईंनी काम थांबवलं. भिंतीचा एक कोपरा फोडून आतली सळई पाहिली. नाना म्हणाले तसंच होतं. मग टेकू लागले. पुढचे चार दिवस नाना तिथं खुर्ची टाकून बसले, आणि काय आधी काढायचं, काय मागून, हे सांगत राहिले.

जे वाचवायला आम्ही अर्ज केले, ते त्यांनी स्वतः उतरवून घेतलं.

परत आल्यावर मी विचारलं, "नाना, वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. लई वाटलं." मग म्हणाले, "पर येकाच्याबी बोटाला लागलं न्हाई."

शालनताई, तुम्ही मघाशी म्हणालात, बाबांना त्या उन्हात जाऊ द्यायला नको होतं, तिथून आल्यावरच त्यांनी अंथरूण धरलं. तुम्ही अडवून ते राहिले नसते. अडवायचं नव्हतंच, ताई. सोबत जायचं होतं. ते माझं काम होतं, आणि मी थकलोय म्हणून घरी बसलो. नाना माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. तेही थकले नसतील का?

आता बोलवत नाही. आपण उभे राहू. ज्यांना उठवत नाही त्यांनी बसूनच हात जोडावेत. दोन मिनिटं कुणी काही बोलू नये.

नाना, नमस्कार.