घोट्यावरून उडी मारणारी शीर

मुरगळलाय म्हणे. आठ महिने, तुम्हाला सांगतो, आठ महिने मी हा एकच शब्द ऐकतोय. मी भिंती रंगवतो, माझा अख्खा दिवस शिडीवर जातो, आणि शिडीवर जरा पाय वळवला की बाहेरच्या घोट्यावरून काहीतरी टक्कन उडी मारतं आणि कळ पार गुडघ्यापर्यंत... एकदा तर रंगाच्या डब्यासकट खाली आलो. पण सांगायचं कुणाला? बायको म्हणते, "शिडी दिसली की बरा दुखतो तुमचा पाय." मेहुणा म्हणतो, "दाजी, मुरगळलाय, गरम पाण्यात बुडवा." बुडवला. पाय स्वच्छ झाला.

मग एक्स-रे. हाडं ठणठणीत, म्हणजे मुरगळलाय. मग एमआरआय. त्या बोगद्यात अर्धा तास, कानाशी ठोकाठोक, आणि बाहेरून बाई सांगतायत, "काका, पाय अजिबात हलवू नका." अहो, हलवला तरच दुखतो ना तो, न हलवता काय सांगणार? दिवसभर उड्या मारणारा पाय तिथे असा गप पडून राहिला, जसं काही शाळा तपासायला साहेब आलेत. रिपोर्ट आला : किंचित सूज. म्हणजे काय, तर मुरगळलाय. बायकोने तो मेहुण्याला फोनवर वाचून दाखवला, दोनदा. खरं सांगतो, दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं. मलाच वाटायला लागलं, आपण कामचुकार तर नाही?

शेवटी सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाई. वयस्कर, कमी बोलणाऱ्या. घोट्यावर गार जेल फासलं, यंत्र टेकवलं आणि म्हणाल्या, "शिडीवर वळवता तसा वळवा." आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी पाय हलवायला सांगितलं हो... वळवला. टक्क. पडद्यावर शीर घोट्यामागच्या खाचेतून निसटली, हाडावर चढली आणि परत आत. बाई म्हणाल्या, "हे मुरगळणं नाही. स्नायूची शीर जागेवर धरणारा पट्टा फाटलाय. क्वचित होतं असं, आणि पाय स्थिर असला की दिसत नाही." मग बाईंनी सोबत आलेल्या बायकोचा हात धरून घोट्यावर ठेवला. परत टक्क. जाताना माझी पिशवी हिने घेतली, आणि बसमध्ये एवढंच म्हणाली, "तुम्ही पडलात त्या दिवशी मी हसले होते."

ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तोवर पाय वळवायचा नाही, अशी सक्त ताकीद. आणि हिने सगळ्या माहेरी फोन केलेत. रोज दोघं-तिघं येतात, हळहळतात, चहा पितात, आणि उठता उठता म्हणतात, "दाजी, एकदाच करून दाखवा ना."

काय करता... दाखवतो.