पंधराव्या लाइव्ह अल्बममधला खोकला

…आणि आमची ही दारात उभी! दोन्ही हात कमरेवर! मी आपला नव्या अल्बमचं प्लास्टिक नखानं, अगदी हळू, नखानं सोडवतोय, आणि ही विचारते, "हा कितवा?" म्हटलं, "चौदावा." "बँड तोच?" "तोच." "मग गाणी तीच ना?" आता काय सांगू हिला? गाणी तीच! अहो, पण गाणी तीच असतात म्हणून तर लाइव्ह अल्बम घ्यायचा! स्टेजवर, लोकांसमोर, घाम गाळत, चुकत, सावरत वाजवलेलं असतं ते. हिला वाटतं, मी चौदा वेळा एकच शर्ट विकत आणलाय.

बरं, गाणी तीच. पण माणसं? माणसं कुठं तीच आहेत? तुम्हाला सांगतो, पन्नास वर्षं जुना हार्ड रॉक बँड, पाच जणांनी सुरू केलेला, आणि ते पाच जण एकत्र टिकले किती? एक लाइव्ह अल्बम! पहिला! त्यानंतर गायक रुसला. दुसरा गायक आणला, तर त्याच्यावर ड्रमवाला रुसला. पाचव्या अल्बमला ड्रमवाला परतला, तर गिटारवाला म्हणतो, 'हा असेल तर मी नाही.' सातव्याला पहिला गायक परत आला, सगळे गळ्यात गळे घालून रडले, आणि आठव्याच्या आत स्वारी पुन्हा बाहेर! नवव्यात तर दोन्ही गायक एकाच स्टेजवर, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि तीन तासांत एकदाही एकमेकांकडे बघितलं नाही… ऐकताना कळतं हो ते! घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय. या सगळ्या ये-जा प्रकरणात जागचा हलला नाही तो एकटा बेसवाला. मागे उभा राहून जाड तारांची गिटार वाजवतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. चौदाच्या चौदा अल्बमांवर तो आहे.

मी चष्मेवाला. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायची आणि विचारायचं, "हे स्पष्ट, की हे? आता हे, की आधीचं?" आणि गिऱ्हाईक म्हणतं, "दोन्ही सारखीच." सारखीच नसतात हो! पाव नंबराचा फरक असतो, आणि त्या पाव नंबरापायी माणूस जिन्याची शेवटची पायरी चुकतो! म्हणून एकदा हिला खुर्चीत बसवलं, म्हटलं, डोळे मीट. हा ऐक पहिला गायक… आता हा दुसरा… कोणता स्पष्ट? ही डोळे मिटूनच म्हणाली, "दोघंही ओरडतायत. आणि गाणी तीच ना?"

हे खूळ मला लावलं कोणी? दादानं! माझा थोरला भाऊ. सात वर्षांनी मोठा. इमारतींचे नकाशे काढण्यात अख्खी नोकरी गेली त्याची, रेघ अर्धा मिलिमीटर हलली की जेवण जात नसे, असा माणूस. तर तो पहिला लाइव्ह अल्बम दादानं आणला, कॅसेटवर. आम्हा दोघांत एक खोली, एक टेपरेकॉर्डर आणि ती एक कॅसेट. तिच्यात शेवटी एक अकरा मिनिटांचं संथ गाणं आहे. सगळी वाद्यं चढत चढत जातात आणि एकदम थांबतात. शांत! तीन सेकंद काही नाही! मग गायक एकटा शेवटचं कडवं उचलतो. पण त्या तीन सेकंदांत काय होतं माहितीय? प्रेक्षकांतला कोणीतरी माणूस खोकतो. "खॅक्!" छोटा, कोरडा. आता मी आठ वर्षांचा, मला काय कळतंय? मला वाटलं, खोकला गाण्यातच आहे! आणि दादा माझ्या थोबाडाकडे बघून म्हणाला, "आहेच मुळी. त्याच्याशिवाय पुढचं कडवं सुरू होत नाही." झालं! तेव्हापासून नेम. गाणं लागलं, वाद्यं थांबली, की आम्ही दोघं एकदम, "खॅक्!" आई बिचारी औषधाची बाटली आणि चमचा घेऊन धावत यायची.

असे आम्ही भाऊ. आणि आठ वर्षं आमच्यात बोलणं नव्हतं! अबोला! उभा दावा! लोक हळूच विचारायचे, "घरावरून झालं का हो? वाटणी?" आता कोणत्या तोंडानं सांगू… गायकावरून झालं! दादा पहिल्या गायकाचा, मी दुसऱ्याचा. त्याच्या वाढदिवसाला सगळे जेवायला बसलेले, आणि माझ्या जिभेला काही हाड? मी बोलून गेलो, "पहिल्याला वरचा सूर लागेनासा झाला होता, म्हणून काढला त्याला." दादानं चमचा खाली ठेवला. टेबलाच्या कडेला समांतर ठेवला! आणि म्हणाला, "हे माझ्या घरात बोलायचं नाही." मी म्हटलं, "मग तुझ्या घरात येत नाही." बस्स. तो फोन करीना, मी करीना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसे दोन सुंभ. ही म्हणाली, "दोन गायकांवरून सख्खे भाऊ भांडतात? गाणी तीच ना?" आठ वर्षं नवा अल्बम आणला की पहिलं मनात यायचं, दादानं ऐकला असेल का? त्याला काय वाटलं असेल? आठवण यायची हो त्याची. फार यायची.

आणि मग बातमी आली, बँड आपल्या शहरात येणार! शेवटचा दौरा! तसा हा त्यांचा चौथा शेवटचा दौरा, पण शेवटचा. दुसऱ्याच दिवशी वहिनींचा फोन, आवाज बारीक करून, "भाऊजी, ह्यांनी तिकीट काढलंय. एकटेच जाणार म्हणतात. गुडघा धरलाय, जिना उतरताना कठड्याला लटकतात. मी सांगितलं म्हणून सांगू नका, पण तुम्ही जा हो." मी काय, निघालोच! पण जागा मिळाली ती वर, गॅलरीत, डाव्या टोकाला. दादा कुठं बसलाय कोणाला माहीत! खाली दोन हजार टकलं, त्यातलं आपलं टक्कल शोधायचं कसं?

आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! सुरू व्हायच्या आधी एक इसम स्टेजवर येतो आणि सांगतो, "आज इथे लाइव्ह अल्बमचं रेकॉर्डिंग होणार आहे." टाळ्या! "आणि कळवायला खेद होतो, की आपले लाडके बेसवादक न्हाणीघरात घसरले आहेत. त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या वाजवेल." म्हणजे बघा मंडळी, स्टेजवर पाच जण, आणि मुळातल्या पाचांपैकी एकही नाही! एकही! गिटारवाला नवा, ड्रमवाला नवा, गायक पाचवा का सहावा, आणि तो एक इमानी माणूस उरला होता, तोही साबणावरून गेला! शेजारचा मला विचारतो, "मग हा बँड तो कसा?" आणि माझ्या तोंडून काय निघावं? "गाणी तीच आहेत ना!" जीभ चावली हो मी. लग्नाला तीस वर्षं झाली की असं होतं.

वाजवलं त्यांनी. पोरं तयारीची होती, नाही असं नाही, पण सगळं कसं घासूनपुसून. आणि शेवटी ते आलं. अकरा मिनिटांचं. वाद्यं चढली, चढली, चढली… आणि थांबली. दोन हजार माणसं चिडीचूप. आणि माझ्या पोटातून, माझा काही इलाज चालेना, "खॅक्!" आणि त्याच वेळी खालून, उजवीकडून… "खॅक्!" तो गायक दचकला! गॅलरीकडे डोळे वटारून बघतो काय, खाली बघतो काय! कडवं अर्धा श्वास उशिरा उचललं बेट्यानं! आणि मी? मी खुर्चीतून उठलेलो. कारण तो खोकला मी कुठंही ओळखला असता. माझ्या आयुष्यात माझ्याबरोबर त्या जागी खोकणारा माणूस एकच!

संपल्यावर लोकांना ढकलत, पाय तुडवत, माफ करा माफ करा करत खालच्या जिन्याशी पोचलो. दादा उतरत होता. कठड्याला लटकून, वहिनी म्हणाल्या तस्साच. केस गेलेले, चष्मा भलत्याच कोणाकडून केलेला, आणि डावी काडी वाकडी! थांबला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. आठ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य काय असावं? "उशीर केलास." मी म्हटलं, "कशाला?" म्हणतो, "खोकायला. अर्धा सेकंद मागे होतास." मी म्हटलं, "मी बरोबर होतो, तू घाई केलीस." मग त्यानं हात पुढे केला. मला वाटलं मिठी मारतोय, पण गुडघ्याला आधार हवा होता. धरला मी त्याला. दोन पायऱ्या उतरल्यावर हळूच विचारलं, "हा नवा गायक कसा वाटला रे?" म्हटलं, "वाईट." म्हणाला, "फारच." आयुष्यात पहिल्यांदा आमचं गायकावरून एकमत झालं, आणि मला तिथंच, त्या गर्दीत, रडू फुटलं.

झालं, गोष्ट संपली असं वाटलं ना? मलाही वाटलं. दर रविवारी दादा वहिनींना घेऊन येऊ लागला, मी त्याचा चष्मा नीट केला. मग चार महिन्यांनी तो पंधरावा लाइव्ह अल्बम आला, आमच्या शहरातला! दोघांनी मिळून उघडला. अकरा मिनिटांच्या गाण्यावर गेलो. वाद्यं थांबली… "खॅक्!" एक! एकच! तुम्हाला सांगतो, त्या रेकॉर्डिंगच्या आवाजवाल्यानं एक पुसला आणि एक ठेवला! दादा उठून उभा, "माझा!" मी म्हटलं, "हट्! माझा!" "मी खाली होतो, माइक खाली असतात!" "आवाज वर चढतो, शाळेत काय शिकलास?" दहा वेळा लावला. पंधरा वेळा. दादानं कागद घेतला आणि हॉलचा नकाशा काढला, मोजपट्टीनं! माझा आवाज चढला, त्याचा चढला, आणि मग त्यानं पेन्सिल खाली ठेवली. कागदाच्या कडेला समांतर. म्हटलं गेली, पुन्हा आठ वर्षं गेली! आणि आता कुठली आठ वर्षं उरलीत आमच्याकडे?

तेवढ्यात आतून वहिनी आणि ही, दोघी बाहेर आल्या. वहिनी म्हणाल्या, "आणा इकडे." त्यांनी हेडफोन लावला, ऐकलं, काढला, आणि म्हणाल्या, "हा ह्यांचा नाही. पस्तीस वर्षं शेजारी झोपतेय, ह्यांचा खोकला मला उठवून विचारा." मी टाळी वाजवली! मग हिनं हेडफोन लावला. माझ्या बायकोनं! चौदा अल्बमांत जिला काडीचा फरक कळला नाही, तिनं एका सेकंदाचा खोकला ऐकला आणि शांतपणे सांगितलं, "ह्यांचाही नाही. हा कोणीतरी तरुण आहे. छाती चांगली आहे."

दादा माझ्याकडे बघतोय, मी दादाकडे. म्हणजे तिसराच कोणीतरी त्या हॉलमध्ये बसला होता! ती पहिली कॅसेट त्याच्याही घरात होती! आणि आवाजवाल्यानं आम्हा दोघांना पुसून त्याला ठेवलं! दादा खुर्चीत बसला. पेन्सिल उचलली, माझ्या हातात दिली, आणि एवढंच म्हणाला, "काढलं रे आपल्याला बँडमधून."

मला वाटलं, आता तरी हिला कळेल. म्हटलं, "बघितलंस? माणसं बदलली की कसं होतं ते?" ही हेडफोनची वायर गुंडाळत आत निघाली होती, दारात थांबली, आणि म्हणाली, "पण खोकला तोच ना?"

तोच होता हो.