मध्ये थांबायचं नाही

(भाषण स्पर्धेच्या सभागृहामागची लहान खोली. नालबंद मामा तबेल्यातून कामाच्या कपड्यांवरच आलेला. चौदा वर्षांची भाची कोपऱ्यातल्या खुर्चीत.)

भाची : नाही म्हटलं ना. एकदा नाही म्हणजे नाही.

मामा : बरं, नाही तर नाही. मग वेणी घालून, बुटांना पॉलिश करून आलीस कशाला? खुर्च्या मोजायला?

भाची : नाव मागे घ्यायला. स्पर्धेच्या बाई म्हणाल्या, स्वतः येऊन सही करावी लागते.

मामा : सहीसाठी दोन तास आधी? टकळे, घोडामैदान जवळच आहे. पलीकडे घोडेस्वारी क्लबांची दोनशे पोरं बसलीत.

भाची : मला टकळी म्हणू नकोस. बारा दिवसांत किती बोलले मी?

मामा : तेच तर. घर खायला उठतं.

भाची : आता बोलून काय उपयोग? वरातीमागून घोडं. ही कार्डं बघ. दुसरं वाच.

मामा : चष्मा तबेल्यातच राहिला. तूच वाच.

भाची : वाचायला कशाला हवं? पाठ आहे. घोड्यांतला पोटशूळ, सात लक्षणं. घोडं खाणं सोडतं. लीद टाकत नाही. वळून वळून पोटाकडे बघतं. पुढच्या पायाने जमीन खरवडतं. वरचा ओठ मुडपतं. घाम येतो. सारखं बसतं, उठतं. झोपेत विचार, सांगेन. आणि त्या दुपारी आपली म्हातारी घोडी माझ्यापासून चार हातांवर उभी होती. एकेक करून दाखवत होती मला. मी तिच्याच तोंडासमोर उभी राहून घडाघडा म्हणत होते, की हे असं दिसलं तर ताबडतोब डॉक्टरांना बोलवा!

मामा : तू कार्डाकडे बघत होतीस गं.

भाची : कार्डाकडे नाही. घड्याळाकडे. आठ मिनिटं हवी होती आणि साडेसातच भरत होती. म्हणून तीनदा म्हटलं. ती पाय आपटत होती, दाराची फळी थडथडत होती. मला वाटलं, बरंच झालं, सवय होईल. तू सांगितलं होतंस ना, मध्ये आभाळ कोसळलं तरी थांबायचं नाही.

मामा : सांगितलं होतं.

भाची : तुझा दोष नाही. सगळेच सांगतात तसं.

मामा : बावीस वर्षांची होती ती. मालकांनी कामाची नाही म्हणून काढायला घेतली, तेव्हा मीच तुझ्यासाठी मागून घेतली. आतड्याला पीळ बसला होता, डॉक्टरांनीच सांगितलं.

भाची : मी खिडकीशी होते, मामा. पुढचंही ऐकलं. दीड तास आधी बोलावलं असतं तर काही करून बघता आलं असतं.

मामा : करून बघता आलं असतं म्हणाले. वाचली असती असं नाही म्हणाले.

भाची : म्हणजे बघायचं तेवढं मी बघितलं नाही. एवढंच ना?

बाई : येऊ का आत? अगं, बारा नंबरचा मुलगा मंचावर गेला. तुझा तेरा. सही करायची असेल तर हा कागद. नाहीतर पाच मिनिटांनी आत यायचं.

मामा : पाच मिनिटं द्या, बाई. कागद ठेवून जा.

बाई : ठेवते. पेन पण ठेवते. पाणी पी गं पोरी.

भाची : दे इकडे पेन.

मामा : देतो. जबरदस्ती नाही करायची मला. पण आधी माझं ऐक, बारा दिवस घशात अडकलंय. त्या दुपारी मी शेजारच्या शेडमध्ये नाल तापवत होतो. पाय आपटल्याचा आवाज मलाही आला. तीस वर्षं घोड्यांत काढली मी. रागाने आपटलेला पाय कोणता आणि दुखण्याने आपटलेला कोणता, हे मला कळायला हवं होतं. उठायला हवं होतं. आणि मी काय केलं, माहितेय?

भाची : माहितेय.

मामा : काय माहितेय?

भाची : ओरडलास. 'गप गं म्हातारे, पोरगी बोलतेय.'

मामा : ऐकलंस तू?

भाची : मधली भिंत फळ्यांची आहे, मामा.

मामा : आणि कुणाला बोलली नाहीस? तुझ्या आईला?

भाची : कसं सांगणार? म्हातारीला घेऊन गेले, तेव्हा फावडं धरून तू लहान मुलासारखा रडलास. तुला मी कधी रडताना बघितलं नव्हतं.

मामा : अरे देवा.

भाची : आणि तुझं ऐकून ती गप झालीही होती थोडा वेळ. तुझं नेहमी ऐकायची ना.

मामा : हे सांगायला नको होतंस गं. नाही, सांगितलंस ते बरं केलंस. हे ओझं तू एकटीच वाहत होतीस.

भाची : तू पण.

मामा : ये इकडे. रडून घे. माझ्या शर्टाला जळक्या खुराचा वास येतोय, चालवून घे.

भाची : तिलाही आवडायचा हा वास. शर्ट चाटायची तुझा.

मामा : चाटायची कसली, भोकं पाडायची.

बाई : झालं त्याचं, टाळ्या चालल्यात. काय लिहू? येतेय की सही?

मामा : तू सांग, बाळा. तू म्हणशील ते. घरी जायचं तर आत्ता निघू.

भाची : मध्येच रडू आलं तर?

मामा : थांबायचं. तो नियम माझाच होता, मीच मोडला आज.

भाची : मार्क जातील.

मामा : जाऊ देत खड्ड्यात.

भाची : तू पहिल्या रांगेत बस. आणि हे घड्याळ तुझ्याकडे ठेव. मला नको.

मामा : कार्डं?

भाची : तीही ठेव.

बाई : (मंचावरून) क्रमांक तेरा. विषय, घोड्यांतला पोटशूळ. वेळ आठ मिनिटं. सुरू कर.

भाची : नमस्कार. सुरू करण्याआधी एक सांगते. मी बोलत असताना कुणाला काही व्हायला लागलं, तर पाय आपटा. मी थांबेन.