दुपारची घंटी दोनदा वाजली

नाही नाही, पाठवू नका ते तसं! दाखवा बरं — 'ॲप चालत नाही, लवकर बघा' — अहो ताई, ह्याला काय कळवणं म्हणतात? डोकावले म्हणून रागावू नका, ह्या बाकावर माणूस मांडीला मांडी लावून बसतंय, दुसऱ्याचा फोन दिसणारच. आणि माझ्याकडेही तेच आहे म्हणून बोलले, औषधाच्या वेळेला घंटी वाजवणारं, हिरव्या चमच्याचं चित्र असलेलं. चालत नाही म्हणजे काय? उघडत नाही? उघडून बंद पडतं? का घंटी वाजत नाही? आत डॉक्टरीणबाईंना काय सांगणार आहात — 'मूल बरं नाही, लवकर बघा'? एवढंच? नाही ना. ताप कधीपासून, उलटी किती वेळा, काय खाल्लं होतं — सगळं न विचारता सांगाल. मग त्या बिचाऱ्यांनीच काय घोडं मारलंय तुमचं?

बिचारे म्हणजे, जे ते ॲप बनवतात ते. कंपनीबिंपनी नाही हो! पाच-सहा जण आहेत, आपापल्या नोकऱ्या सांभाळून फुकट करतात. सगळं उघडं ठेवलंय त्यांनी, आतून कसं बांधलंय तेसुद्धा, आणि लोकांनी कळवलेल्या चुका तर कुणीही वाचाव्यात. मी वाचते. घरी शर्टाच्या कॉलरी शिवते ना मी, गठ्ठा संपला की चहा घेता घेता वाचते. दुसऱ्या बायका मालिका बघतात, मी लोकांची अक्कल बघते. एकाने लिहिलंय, 'मी स्वतः इंजिनिअर आहे' — आणि पुढे काय, तर 'भंगार' आणि सात उद्गारचिन्हं. मोजली मी. एका बाईने फोटो पाठवलाय, त्यात फोन एवढासा कोपऱ्यात आणि बाकी सगळं तिचं नवं टेबल. एक जण म्हणतो, 'परवासारखंच परत झालं.' परवा काय झालं होतं ते तुझ्या बायकोला माहीत रे बाबा, आम्हाला कुठून! ही शिकलेली माणसं. मी सातवी. सातवीतसुद्धा आम्हाला निबंधाला सुरुवात-मध्य-शेवट मागायचे.

द्या इकडे, दाखवते. हे तीन चौकोन असतात. पहिल्यात, तुम्ही काय केलंत — पायरी एक, पायरी दोन, पायरी तीन, जिना चढल्यासारखं, एकही गाळायची नाही. दुसऱ्यात, काय व्हायला हवं होतं. तिसऱ्यात, काय झालं. खाली फोन कुठला ते. आणि वर नाव द्यायचं ते असं, की वाचल्यावर कळावं झालंय काय, रडगाणं नको. हे सगळं कशासाठी? तर तुमच्या फोनवर घडलं ते त्यांच्या फोनवर तसंच्या तसं घडलं पाहिजे. घडलं तरच सापडतं, नाहीतर बसतात बिचारे अंधारात चाचपडत. त्यांच्यातला एक आहे, फोटोत नुसती दाढीच दिसते, मी त्याला दाढीवालाच म्हणते. त्याने मला लिहिलं होतं, 'तुमच्यासारखं नीट कळवणारे फार थोडे.' आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, 'बरं झालं, मोबाईलमध्ये डोकं घालून काहीतरी मिळवलंस.' असे बोलतात. जाऊ द्या.

माझ्या किती चुका दुरुस्त झाल्या? चार कळवल्या, तीन झाल्या. चौथी? ती — ती अजून उघडीच आहे. बावीस दिवस. 'दुपारची घंटी दोनदा वाजली.' नाव बघा कसं दिलंय, ह्याला म्हणतात नाव! झालं असं, माझ्या लेकीला, ठकीला, झटक्यांचं औषध आहे, सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. त्या दिवशी दोनची घंटी बारालाच वाजली. मी औषध दिलं, 'दिलं' म्हणून खूण केली आणि मग दोनच्या सुमारास कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. फोन घरात. सासूबाई तोवर शेजारून परत आल्या. दोनला परत घंटी वाजली, खूण पुसलेली, त्यांनी दुसऱ्यांदा दिलं. ठकी अशी झोपली ताई, की संध्याकाळपर्यंत उठेना. डोळे उघडायची आणि आतून कुणी पडदा ओढल्यासारखे मिटायची. इथेच आणलं होतं, रात्रभर ठेवलं. उतरलं सगळं, बरी आहे आता. सासूबाईंनी आत वजन करायला नेलंय.

पण हे स्वतःच्या आईवरच ओरडले ना! 'विचारायचं तरी होतंस, मूल मारतेस काय!' तेव्हापासून सासूबाई चमच्याला हात लावत नाहीत. ठकीला मांडीवर घेतात, तोंड पुसतात, पण चमचा म्हटलं की हात पदराखाली.

आणि हा दाढीवाला! बावीस दिवसांत तीन फोनवर करून बघितलं त्याने, बायकोच्या फोनवरसुद्धा. 'माझ्याकडे तसं होत नाही.' कसं होईल? काल परत विचारतो, 'एखादी पायरी राहिली का? कितीही क्षुल्लक वाटली तरी सांगा.' एवढं मोठं डोकं, आणि बाराला दोन कसे वाजले हे सुचत नाही त्याला? फोनचं घड्याळ कुणी पुढे केल्याशिवाय वाजतील का —

कुणी म्हणजे काय, फोन माझाच. अहो, तो फळांचा गेम असतो, त्यात पाच जीव मिळतात, संपले की दोन तास थांबायचं. घड्याळ दोन तास पुढे केलं की लगेच मिळतात, सगळेच करतात. पाच मिनिटं खेळायचं आणि घड्याळ मागे आणायचं. सकाळपासून चाळीस कॉलरी झाल्या होत्या, ठकी खेळत होती, बसले पाच मिनिटं. मध्येच घंटी वाजली, हात आपोआप बाटलीकडे गेला. घड्याळ बघायचं कामच तर त्या ॲपला दिलंय, मी कशाला बघू! मग घड्याळ मागे आणलं आणि त्याला वाटलं, दोन वाजायचेत अजून. संध्याकाळी इथे ह्याच बाकावर बसल्यावर ध्यानात आलं माझ्या. लिहिणार होते. पहिल्या चौकोनात काय लिहू? पायरी एक, मूल आजारी असताना फळं फोडत बसले? आणि ते सगळं उघडं असतं हो, कुणीही वाचतं. ह्यांनी वाचलं तर? सासूबाईंनी —

असं काय बघताय? तुम्ही तर 'चालत नाही' लिहून मोकळ्या होत होतात! मी निदान सगळ्या पायऱ्या लिहिल्या. एक सोडून.

आल्या. गप्प बसा आता. — या आई, इकडे बसा, माझ्या जागेवर बसा. किती भरलं वजन? वाढलं ना? वाढलंय बघा. काही नाही हो, ह्या ताईंना ॲप शिकवत होते. — ही वाजली बघा दोनची. आई, आज तुम्ही देता का? धरा ना चमचा. मी आहे ना इथे, मी बघते. ... नको? ... बरं. द्या तिला माझ्याकडे.

तुम्हाला हाक मारतायत आतून, ताई. उठा. फोन राहू द्या, नंतर लिहा. नंबर गेला तर परत बसावं लागेल इथे. जा म्हटलं ना!