पिपलानीतली पहिली संकष्टी

बदली होऊन आम्ही नुकते भोपाळला, पिपलानी वसाहतीत राहायला आलो होतो, तेव्हाची गंमत सांगते. वजन उतरावं म्हणून ह्यांनीही माझ्याबरोबर संकष्टी धरली, आणि नेमकी रात्रपाळी आली! पावणेदहाला निघायचं, अन् मुंबईहून आणलेल्या कॅलेंडरात चंद्रोदय नऊ बेचाळीसचा. चंद्र पाहिल्याशिवाय पान कसं वाढू? आणि उपाशी कामावर तरी कसं धाडू? घड्याळाकडे बघत माझी घरातल्या घरातच सारखी ये-जा चालली होती. साडेनऊला हे बूट चढवायला लागले.

तेवढ्यात शेजारच्या भाभींनी हाक मारली, "भाभी, चाँद तो कब का निकल आया! पूजा नहीं की?"

बाहेर बघते तो काय, चंद्र झाडाच्या वर! इथे तो मुंबईच्या आधी उगवतो, हे कुणाच्या ध्यानात? घाईघाईनं अर्घ्य दिलं, पान वाढलं.

पहिला घास घेत हे म्हणाले, "अगं, आपली बदली झाली, कॅलेंडरची करायची राहिली!"